लागलं की बोट ठेवा

४ मार्च, सोमवार

पोचलो एकदाचा. खोली दवाखान्याच्या बरोबर वर आहे, म्हणजे जिना उतरला की कामावर हजर. दोन खिडक्या, लोखंडी पलंग, एक डुगडुगतं टेबल, आणि नळाला चक्क दिवसभर पाणी. मी कोंदट खुराड्याची तयारी ठेवून आलो होतो, त्यामुळे खूश आहे. वर्षभराची शिक्षाच भोगायची तर हवेशीर तुरुंगात भोगलेली बरी. मोठ्या हॉस्पिटलात जागा हवी असेल तर आधी एक वर्ष कुष्ठरोगाच्या दवाखान्यात काढा, असा नियम आहे. नियम करणाऱ्याने स्वतः इथे एक दिवस तरी काढला असेल का, देव जाणे.

गाव एका नजरेत संपतं. सामान आणणाऱ्या हातगाडीवाल्याने वाटेतच सांगून टाकलं, की जुने डॉक्टर फार चांगले होते. दवाखान्यातल्या सिस्टरने तेच सांगितलं. समोरच्या चहावाल्याने न विचारता तेच. जुने डॉक्टर रिटायर होऊन मुलाकडे राहायला गेलेत, पण हे लोक असं बोलतात, जणू ते चप्पल विसरलेत आणि आत्ता घ्यायला येतील. रिकाम्या डोक्यांना कुणीतरी पुजायला लागतंच.

संध्याकाळी हिचा फोन आला. लेकीला आम्ही सध्या ठकू म्हणतो. सासूबाई सोडायला तयार नाहीत, दोघी महिनाभराने येतील. ठकू झाली तेव्हा मला जेमतेम चार दिवस रजा मिळाली, आणि ते चारही दिवस मी तिला खाली ठेवलं नाही. तिचं डोकं माझ्या तळहातात बरोबर मावतं. टाळूच्या त्या मऊ जागेवरून बोट फिरवताना मला अक्षरशः धडधडतं. एरवी मला कुणाला हात लावायची हौस नाही. कातडीच्या डॉक्टरने असं लिहू नये, पण वही माझी आहे.

५ मार्च, मंगळवार

आज इथली कामाची पद्धत बघितली आणि कपाळावर हात मारून घेतला.

कुष्ठरोग ओळखणं म्हणजे काही मोठी जादू नाही. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असतो, तिथे घाम येत नाही, लव झडलेली असते, आणि मुख्य म्हणजे तिथे स्पर्श कळत नाही. पेशंटला डोळे मिटायला लावायचे, कापसाचं पिळलेलं टोक कातडीला टेकवायचं, आणि म्हणायचं, लागलं की बोट ठेवा. चट्ट्यावर टेकवलं आणि बोट हललं नाही की समजायचं. मग कोपराच्या आतली नस चाचपून बघायची, जाड झालीय का ते. तरी शंका राहिली तर चट्ट्याच्या कडेचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवायचा. गोळ्या नीट घेतल्या तर रोग बरा होतो. हात लावल्याने पसरत नाही. हे सगळं परीक्षेत लिहून मी पहिला आलोय.

इथे मात्र भलतंच. सिस्टरने पहिल्याच पेशंटच्या हातात कापूस दिला आणि मला सांगते, बाही वर करा आणि डोळे मिटा. आधी पेशंटने डॉक्टरला कापूस लावायचा आणि डॉक्टरने बोट ठेवायचं. मग डॉक्टरने पेशंटला लावायचा. आधी घ्यायचं, मग द्यायचं, असं जुने डॉक्टर म्हणायचे म्हणे. त्याने पेशंटची भीती जाते, असं सिस्टरचं मत. मी म्हटलं, भीती जाते की वेळ जातो? आणि बाकावर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने सांगून टाकलं, "मला कुणाच्या हातचा कापूस लावून घ्यायचा नाही. डॉक्टर मी आहे."

 सिस्टरने कापूस ट्रेमध्ये ठेवला. पहिल्याच दिवशी चाप बसवला ते बरं झालं, नाहीतर असले लोक डोक्यावर मिरे वाटायला कमी करत नाहीत.

८ मार्च, शुक्रवार

आज एक नमुना भेटला. गल्लीच्या तोंडाशी टेलरचं दुकान आहे, त्याचा मालक. डाव्या हातावर तळहाताएवढा फिकट चट्टा, आणि त्याचं निदान त्याने घरूनच करून आणलेलं, की इस्त्रीच्या धगीने झालंय. सगळं ठाऊक असतं, तर येतात कशाला?

चट्टा कोरडा. कोपराची नस सुतळीसारखी हाताला लागली. डोळे मिटायला लावले. उजव्या हाताला कापूस लावला, बोट बरोबर ठेवलं. चट्ट्यावर लावला, ढिम्म. पुन्हा लावला, तरी ढिम्म. झालं काम. मी कापूस ठेवून पेन उचललं, तर बाबा म्हणतो, लागलं. म्हटलं, कुठे लागलं ते दाखवा तरी. त्याने मिटल्या डोळ्यांनी टेबलावरून हात पुढे केला आणि बोट ठेवलं ते माझ्या मनगटावर.

मी हात झटकला. माझी चेष्टा करताय का, असं विचारलं. तो डोळे उघडून आधी माझ्याकडे आणि मग स्वतःच्या बोटाकडे बघत राहिला. "लागलं तिथंच ठेवलं, साहेब," म्हणाला. वर साळसूद चेहरा. चट्ट्याचा तुकडा काढला, बाटलीत घालून लॅबला पाठवला. तिथे माझा कॉलेजातला मित्र आहे, जाड्या, तो बघेल. मग मी साबणाने दोनदा हात धुतले. रोगासाठी नव्हे, आगाऊपणासाठी.

१३ मार्च, बुधवार

गावाने माझी फिरकी घ्यायचं ठरवलेलं दिसतंय. आज बेकरीवाली आली. पोटरीवर चट्टा. तपासताना तेच नाटक. चट्ट्यावर कापूस लावला तर कळत नाही, आणि मी नुसता बसलेला असताना म्हणते, लागलं. हात पुढे करून बोट ठेवलं माझ्या कोपराखाली. टेलरने शिकवून पाठवली असणार, दुकानं शेजारीशेजारी आहेत.

तिला मी चांगलंच झापलं. रडायला लागली. सिस्टरने तिला पाणी दिलं आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघू नका. मी इथे लाडके डॉक्टर व्हायला आलेलो नाही.

१८ मार्च, सोमवार

आज शाळेतल्या बाई आल्या. म्हटलं, चला, एक तरी शिकलेलं माणूस. पाठीवर चट्टा, प्रश्नांची उत्तरं नेमकी, कटकट नाही. मी जरा सैलावलो. आणि त्यांनी मिटल्या डोळ्यांनी मागे हात करून माझा तळहात चाचपला आणि मधोमध बोट टेकवलं. बिचाऱ्या स्वतःच इतक्या ओशाळल्या की मला रागावताही येईना. म्हणजे ही फिरकी नाही. मग काय आहे?

टेलरचा रिपोर्ट आला. नसेभोवती पेशींचा गराडा, शंकेला जागाच नाही. गोळ्या द्यायला बोलावलं, तर स्वारी खुशीत. म्हणे, काल चट्ट्यावर सुई टोचली आणि कळ थेट डोक्यात गेली. मी पुन्हा तपासलं. कापूस लावला की बोट बरोब्बर जागेवर. हे शक्य नाही. चट्ट्याचा स्पर्श परत यायला महिनोन्महिने लागतात, कित्येकदा येतच नाही, आणि यांचं गोळ्यांचं पाकीट अजून माझ्या टेबलावर आहे. खोटं बोलायचं तर निदान पचेल असं तरी बोलावं.

२१ मार्च, गुरुवार

चहावाल्याने आज विचारलं, साहेब, चटका बसत नाही का? मी ग्लास तळहातावर ठेवला होता. काठाला धरून नव्हे, बूड थेट तळहाताच्या मधोमध. बाकीचे त्याच्याकडचे ग्लास रुमालाने धरतात.

खोलीत येऊन दार लावलं. डोळे उघडे ठेवून स्वतःला कापूस लावला. मनगटावर काही नाही. कोपराखाली काही नाही. तळहाताच्या मधोमध काही नाही. आजूबाजूला सगळं नीट कळतं. फक्त त्या तीन ठिकाणी, जिथे त्यांनी बोटं ठेवली होती, तिथे माझी कातडी मेल्यासारखी आहे.

तळहात. ज्याच्यात ठकूचं डोकं मावतं तोच.

२३ मार्च, शनिवार

घाबरायला मी काही बेकरीवाली नाही. स्वतःची रीतसर तपासणी केली. चट्टा नाही. घाम येतो. लव जागच्या जागी. कोपराची नस मऊ. कानाच्या पाळीला चीर देऊन आतला रस काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली बघितला, जंतू नाहीत. आणि कुष्ठरोग असता तरी असा पंधरवड्यात येत नाही, त्याला वर्षं लागतात.

तरी मनगटाचा तुकडा काढला. भूल दिली नाही. द्यायची गरजच पडली नाही. डाव्या हाताने पातं चालत होतं आणि मी दुसऱ्याचं मनगट कापत असल्यासारखा बघत होतो. बाटली जाड्याला पाठवली. एका पेशंटचा आहे, एवढंच सांगितलं.

२८ मार्च, गुरुवार

जाड्याचा फोन. तुकडा अगदी निरोगी. नसा ठणठणीत, जंतूंचं नाव नाही. मी म्हटलं, पण त्याला तिथे काहीच कळत नाही. जाड्या हसायला लागला. "अरे, ढोंगी आहे तुझा पेशंट. चाळे करतो. हाकलून दे त्याला."

हे वाक्य मी इथे रोज कुणाला ना कुणाला ऐकवतो. आज मला ऐकवलं गेलं आणि मी फोनवर हो हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

मधल्या दिवसांत आणखी पेशंट तपासले. तपासावेच लागतात, बाक भरलेला असतो. ते डोळे मिटतात, मी कापूस लावतो, ते हात पुढे करतात. आता दोन्ही हात गेले. ओठाचा एक कोपरा गेला. चहा तिथून ओघळतो. आणि ते सगळे बरे होताहेत. बेकरीवालीच्या पोटरीला आता मुंगी चढली तरी कळते, असं ती बाकावर बसून सगळ्यांना सांगत होती.

जो डोळे मिटून बोट ठेवतो तो घेतो. जो कापूस लावतो त्याचं जातं. आधी घ्यायचं, मग द्यायचं. तो म्हातारा डॉक्टर रोज घेत होता आणि तितकंच परत देत होता. मी घ्यायला नकार दिला आणि नुसता देत सुटलो. हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय. परीक्षेत पहिला आलेला माणूस काय लिहितोय बघा.

१ एप्रिल, सोमवार

टेलरला बोलावून घेतलं. दार लावलं. बाही वर केली, त्याच्या हातात कापूस दिला, म्हटलं, लावा. डोळे मिटले. वाट बघितली. काही कळेना. तो थांबलाय म्हणजे लावला असेल, असं धरून मी मनगटावर बोट ठेवलं. म्हटलं, लागलं.

तो हळूच म्हणाला, "साहेब, मी अजून लावलाच नाही."

मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही, सगळं बाहेर ऐकू गेलं. त्याने कापूस ट्रेमध्ये ठेवला. राग नव्हता त्याच्या तोंडावर, कीव होती. एका शिलाईवाल्याला माझी कीव. म्हणाला, "राहू द्या. आमच्या हातचा कापूस तुम्हाला नको असतो."

मग बाहेर जाऊन एकेकाला विचारलं. मी, बाही वर करून, बाकापुढे उभा. बेकरीवालीने पदराखाली हात घेतले. बाईंनी घड्याळ बघितलं. एकाने तर हात जोडले. सिस्टरला म्हटलं, तुम्ही लावा. ती दोन पावलं मागे सरली आणि म्हणाली, तिला घरी लेकरं आहेत. म्हणजे तिलाही आता कळलंय.

५ एप्रिल, शुक्रवार

दोघी आल्या. सासूबाई पोचवून परत गेल्या.

हिने ठकूला माझ्या हातात दिलं. काही नाही. वजन कळतं, खांद्याला. बाकी काही नाही. टाळूवर बोट फिरवलं. लाकडावर फिरवल्यासारखं, तेही कुणीतरी दुसऱ्याने. किती दाब पडतोय ते कळेना म्हणून घाईने परत दिलं. ही म्हणाली, इतके दिवस फोनवर ठकू ठकू करत होतास आणि आता घेत नाहीस. सर्दी झालीय म्हणालो.

दवाखान्यात आजारी आहे असं कळवलंय. एकालाही तपासणार नाही. पण उरलंय काय? चेहऱ्याचा अर्धा भाग, पाठ, पोट. मी ठकूला घेऊ शकत नाही — पडली तर कळायचं नाही.

७ एप्रिल, रविवार

आलं! परत आलं!

दुपारी ही खेळत बसली होती. फोनवर माझ्या तोंडून सारखं ऐकून हिला ते वाक्य पाठ झालंय. मला म्हणाली, मीट डोळे, लागलं की बोट ठेव. आणि ठकूची मूठ धरून माझ्या हाताला लावली. लागली. ओलसर, कोमट, लाळेने चिकट झालेली इवलीशी मूठ. मी बोट ठेवलं, बरोब्बर जागेवर. ही हसली. मी रडलो. पुन्हा, म्हटलं, पुन्हा. तळहाताला, मनगटाला, ओठाला, मांड्यांना, पावलांना. सगळीकडे लागलं. संध्याकाळपर्यंत आम्ही तेच खेळत होतो.

सगळा मनाचा खेळ होता. असल्या गावात आणि असल्या अडाण्यांत महिना काढला तर शहाण्याचंही डोकं फिरेल. उद्या खाली जाऊन बघतोच एकेकाला. हात जोडतात मला! ठकूचं डोकं घेतलं तळहातात. मावलं. टाळूखाली ठोका लागत होता. झोप येईपर्यंत तिला सोडलं नाही.

९ एप्रिल, मंगळवार

ठकूची लस होती. सिस्टरने मांडीत सुई टोचली. ठकू रडली नाही. छताकडे बघत हसत होती.

बाकावरचे सगळे म्हणाले, किती शहाणी पोर. हीसुद्धा कौतुकाने सांगत सुटली.  सिस्टरने माझ्या हातांकडे बघितलं.

मांडीत — माझ्या मांडीत — काहीतरी टोचलं. मी मांडी चोळली. तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही.

१० एप्रिल

हिला काही सांगितलेलं नाही. सकाळी ठकूच्या बोटाला पाळण्याच्या कडीत चिमटा बसला. रक्त आलं. ठकू ते बोट बघत होती, दुसऱ्याचं असल्यासारखं. कळ माझ्या बोटात.

सगळं तिचं आहे. माझ्या हातात आहे ते सगळं — मूठ मी घेतली, एकेक जागा बोट ठेवून मी मागून घेतली. पुन्हा पुन्हा म्हटलं.

परत द्यायचं. आधी घेतलं, आता द्यायचं. मी लावायचा, तिने बोट ठेवायचं. ती कसं ठेवणार? तिला मान धरता येत नाही अजून.

खाली गेलो. टेलरच्या पाया पडलो. म्हटलं, तुम्ही घ्या कापूस, पोरीला लावा, तिला थोडं द्या. तो म्हणाला, द्यायला त्याची ना नाही. पण तिने बोट ठेवायला हवं, साहेब.

११ एप्रिल

ठकू झोपलीय. दुपार आहे, ही खाली गेलीय दूध आणायला. डोळे मिटलेले आहेत तिचे, म्हणजे तेवढं तरी — बोट मी धरीन तिचं. मी ठेवीन. चालेल कदाचित. चालायला पाहिजे.

कापूस पिळून घेतला. वही पाळण्याशेजारी उघडी ठेवलीय.

तळपायाला लावला. गुदगुल्या. पाय झटकन आखडला — माझा.

तिचा तसाच. पुन्हा लावला. पुन्हा माझा. गालाला लावला, ओठाला, टाळूला — सगळं मला लागतंय, सगळं, ठकू, घे ना — तिचं बोट धरलं आणि नेलं जिथे लावला तिथे, तिच्याच गालावर, पण बोट वळतंय. झोपेत आहे ती, आणि बोट माझ्या मनगटाकडे —